लादीवाल्याचा फगा

कुवेतमध्ये अकरा हिवाळे काढूनही गणपतने जमिनीतून फगा निघताना पाहिला नव्हता. बाजारात टोपल्या भरून येणारी, बटाट्यासारखी दिसणारी ही चीज म्हणजे वाळवंटातली अळंबी, हे कळल्यापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता. संगमेश्वराकडच्या त्याच्या गावात अळंबी शोधण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग इथलीच का सापडू नये? मंगळवारी तो कायमचा गावी निघणार होता. म्हणजे हा शुक्रवार शेवटचा.

शहरातल्या रिग्गई भागातल्या खोलीतला त्याचा सोबती झहूर रत्नागिरीच्या खाडीकाठचा, पिकअप चालवायचा. जहरा गावाच्या पलीकडे टेकड्यांच्या पायथ्याशी त्याने गाडी लावली, तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वारा कानाला चावत होता. नोव्हेंबरात विजा कडाडून पाऊस झालेला, त्यामुळे उतारावर बोटभर हिरवळ उगवली होती आणि तिच्यावर चक्क दव होतं.

गणपत वाकून चालू लागला. झुडपाखाली बघ, दगडाआड बघ, वारुळासारखं काही दिसलं की धाव. तास गेला.

"गणपतदा, छत्र्या शोधतोयस काय? त्या गावाला!" झहूर मागून ओरडला. "फगा वर येत नाय, जमिनीतच बसतो."

"मग तू कशाला आलास? आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"मला वाटलं, तुला म्हायत असेल. एवढा अळंबीचा राजा!"

गणपत फतकल मारून बसला. अख्खा तास तो पायाखालचं सोडून भलतंच बघत होता. थर्मासमधला चहा ओतून घेताना त्याची नजर समोरच्या मातीवर गेली. पावसाने बसलेली सपाट, कडक जमीन. पण एका ठिकाणी जराशी फुगलेली, आणि फुगवट्यावर केसासारखे बारीक तडे. चहा तसाच ठेवून तो रांगत तिथे गेला.

"काय रे?"

"खालून लादी उचलली गेली की अस्साच तडा जातो."

त्याने बोटाच्या पेराने टकटक केली. अकरा वर्षं लादी बसवल्यावर तो हेच करायचा. पोकळ असेल तिथे आवाज बदलतो. आजूबाजूला एक आवाज, फुगवट्यावर दुसरा. त्याने किल्लीने हळूच माती खरवडली. वीतभरही खोल जावं लागलं नाही. फिकट पिवळा, मुठीएवढा गोळा हातात आला. त्याने तो नाकाशी धरला. पावसात भिजलेल्या मातीचा वास.

झहूरने मोबाइल काढला. "थांब, जागेचं लोकेशन घेतो."

तोवर गणपतने खड्डा बुजवून वर पायाने माती सारखी केली होती, खुणेला खडासुद्धा ठेवला नव्हता. गावात अळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगत नसत.

"आरं, मंगळवारी तू चाललास! कुणासाठी लपवतोस?"

गणपतचा पाय थांबला. खरंच, कुणासाठी? तो थोडं चालला, पुन्हा एका फुगवट्याशी उकिडवा बसला.

"हिकडं ये. मोबाइल ठेव खिशात, हात दे." झहूरचं बोट धरून त्याने ते मातीवर टेकवलं. "आता वाजव. नाय, पेराने. ऐकलंस?"

झहूर कान जमिनीला लावून पालथा पडला.

"परत वाजव," गणपत म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात मी नसेन."