खिशातले खिळे

ही गोष्ट सांगणं मी बरीच वर्षं टाळलं, कारण तिच्यात चूक माझीच आहे.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहत होता आणि त्या बांधकामावर मी स्टोअरकीपर होतो. तिथला एक उतारवयाचा सुतार काम सुटल्यावर वाकून जमीन चाचपत फिरायचा. निघताना त्याचा खिसा जड दिसायचा. मला संशय आला. पुढे पुढे त्याच्या रामरामातही मला चोरी दिसू लागली.

एकदा गेटावर मी सगळ्यांदेखत त्याची झडती घेतली. खिशातून मूठभर गंजके, वाकडे खिळे निघाले.

"भंगारात विकतोस काय रे?"

"न्हाई साहेब, रस्त्यापल्याडच्या खड्ड्यात पुरतो. मागं माज्या हातनं सांडलेला खिळा घमेली वाहणाऱ्या एका बाईच्या पायात गेला. पाय कापावा लागला तिचा. त्या कर्मानं शिकवलं, तेवढं गिरवतोय."

"मोठा साधू लागून गेलास!" मी म्हणालो. माणसं हसली. दुसऱ्या दिवशी मी त्याला कामावरून काढायला लावलं.

आठवड्याभरात एका मजुरणीच्या टाचेत खिळा घुसला. मग मी तो खड्डा उकरला. आत खिळेच खिळे होते.

माफी मागायला मी निघोज्याला त्याच्या घरी गेलो. त्याने ओळखलं, घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय काम काढलंत, साहेब?"

मी तांब्या रिकामा केला आणि म्हणालो, "काही नाही. पाणी गोड आहे तुमच्या गावचं."