घरटी एक माणूस

पुंडलिक मास्तरांना गोदूबाई तशी फारशी ठाऊक नव्हती. तिचं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही, नवरा कशानं गेला तेही नाही. ती मिठागरावर मीठ ओढायची आणि तिला मैना नावाची एक नात होती, एवढीच त्यांची माहिती. मास्तरांचा वर्ग मात्र बंद झाला तो तिच्यामुळेच.

कासू स्टेशनच्या पलीकडे खाडीच्या अंगाला तो पाडा होता. सरकारी शाळा दुसऱ्या गावात, आणि भरतीला वाट बुडायची, म्हणून लहान पोरं तिकडे जातच नसत. मास्तर रोह्याजवळच्या वरश्याहून गाडीने येत आणि पाड्यातल्या देवळात वर्ग घेत. त्याबदली प्रत्येक घरानं सुगीला भात द्यायचं. ज्या घरचं भात आलं नाही, त्या घरचं पोर बाहेर. हा नियम पाड्यातल्या जाणत्यांनी केला होता, मास्तर तो पाळत.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. मैनाच्या घरचं भात आलं नाही आणि ती देवळाच्या पायरीवर बसून पाढे ऐकू लागली. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी गोदूबाईला सांगितलं, "बसू दे तिला आत. भाताचं राहू दे."

"तिलाच कशाला? शेजारच्या पुतळीची पोरं बी भायेर हायेत."

"त्यांचं मग बघू."

"नको, मास्तर. गरिबाची म्हणून आत घेतली तर पोरं तिला तेच म्हणून हाक मारतील. फुकट तर सगल्यांना फुकट. नायतर रावं दे."

तिने मैनाला पायरीवरून उठवलं आणि घरी नेलं. मग मिठाचं काम नसेल त्या दिवशी ती पेणला कचेरीत जाऊन पाड्यासाठी सरकारी शाळा मागत बसू लागली. बऱ्याच खेपांनंतर उत्तर मिळालं ते असं: शिक्षक सरकार देईल, खोली गावानं पावसाळ्याआधी उभी करावी. नाही झाली, तर यादीत पाड्याचं नाव मागे पडेल.

पुढच्या उधाणाला, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला भगदाड पडलं. अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर जायचाच, ही तिथली रीत. चिखलाचे गोळे टाकून भगदाड बुजलं, माणसं अंग धुवायला बसली, तेव्हा गोदूबाईने खोलीची गोष्ट काढली. मास्तर तिथेच उभे होते.

पाड्यातला सखा म्हणाला, "गो वयनी, माला पोर ना बाळ. मी कशाला दगडं वाहू?"

"तुजं शेत हाय का बांधाच्या आत?"

"कुठलं शेत? माजी झोपडी तेवढी हाय."

"मंग कमरभर चिखलात काय मासं धरत होतास?"

माणसं हसली. सखा चिडला. "बांधाची गोष्ट येगली. बांध सगल्यांचा."

"तेच म्हनते मी. शाला बी बांधावानी करा. घरटी एक मानूस."

"आन् तू म्हातारी? पाटी घेऊन बसनार काय?"

"बसीन की. तुज्याच बाजूला. तुला बी सही येत नाय."

पुन्हा हसू झालं. सखाने मान फिरवली आणि मास्तरांना विचारलं, "तुमीच सांगा, वर्ग बरा चाललाय ना?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. सरकारी शिक्षक आला की देवळातला वर्ग संपणार, हे मास्तरांना कळत होतं. ते हळूच म्हणाले, "शाळा झालेली बरी."

भिंती उठल्या. सखा सुरुवातीला फिरकला नाही. छपराच्या वेळी मात्र आपल्याकडची जुनी कौलं घेऊन आला आणि कोणाशी न बोलता उतरवून गेला. जूनमध्ये सरकारी शिक्षक आला. मास्तरांनी देवळातला फळा त्याला दिला आणि ते रोह्याच्या एका कंपनीत गोदामावर लागले.

गोदूबाई वारल्याचं त्यांना फार उशिरा, गाडीत कोणीतरी सांगितलं. त्याआधी ती एकदाच भेटली होती, कासूच्या फलाटावर, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन.

"मैना जाते का शाळेत?" मास्तरांनी विचारलं.

"सगलीच जातात. रोह्याची गाडी गेली काय?"

"नाही अजून. येईल आता."

"मंग सरका वायच. बसूं द्या."