खिंडीपाशी उतरवलेला माणूस

मी आणि माझी मैत्रीण, आम्हा दोघींचं माहेर एकाच गावात. लग्नंही एकाच वैशाखात झाली आणि सासरच्या वाड्याही शेजारी पडल्या. मधे फक्त एक कातळाचा सडा, उघडा माळ. तिचा नवरा आणि आमचे हे लहानपणापासूनचे सोबती. आमच्याकडे घरचा भात शिमग्यापर्यंत पुरायचा. पुढे पुरुषाने मुंबईची गिरणी तरी गाठायची, नाहीतर पलटण. या दोघांनी पलटण गाठली.

मोठी लढाई तेव्हा संपलेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण दूर सरहद्दीवर, डोंगरातल्या टोळ्यांशी सरकारचं भांडण चालूच आहे, हे आम्हाला कुठलं माहीत? ऐन लावणीत दोन्ही घरांना एकच बातमी आली. शाळेच्या गुरुजींनी ती वाचून सांगितली. रसद नेणाऱ्या तुकडीवर हल्ला झाला, तुमचा माणूस बेपत्ता आहे.

"बेपत्ता म्हंजे मेला काय?" तिने विचारलं.

"नाय गो," गुरुजी म्हणाले. "म्हंजे सापडत नाय."

रोपं उपटून ठेवलेली होती, ती थांबणार नव्हती. त्या दुपारी आम्ही दोघी चिखलात शेजारी शेजारी उभ्या राहून लावणी केली. रडलो नाही. रडायचं की नाही तेच कळत नव्हतं.

दिवाळी सरल्यावर दुसरी बातमी आली, फक्त माझ्या घरी. हे शत्रूच्या कैदेतून सुटले होते आणि इस्पितळात होते. तिला कसं सांगावं ते ठरवत मी सडा ओलांडून गेले. ती मात्र हसली. "तुजा सुटला ना? मग माजा पन येईल. दोघं काय वेगळे ऱ्हातात?"

हे आले फाल्गुनात. आम्ही भाजावळीसाठी, रोपं करायची जमीन भाजून घ्यायला, तरव्यावर पालापाचोळा पसरत होतो. हे दाभोळला आगबोटीतून उतरून पडावाने खाडी चढून आले होते आणि पुढे चालत. लांबून मी त्यांना ओळखलंच नाही. डावा पाय ते जरा उचलून टाकत, पायात काही अडकलेलं असल्यासारखा. ट्रंक त्यांनी खळ्यात ठेवली, पण घरात आले नाहीत.

"पाणी तरी घ्या."

"आधी तिकडे जातो," ते म्हणाले. "तू पन चल."

तिच्या घरी ओटीवर तिची सासू भात पाखडत बसली होती. माझी मैत्रीण आतून बाहेर आली, तिने यांच्याकडे बघितलं आणि मग यांच्या मागे वाटेकडे बघितलं. वाटेवर मीच होते.

यांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. बस म्हणून कोणी म्हटलंही नाही. नंतरच्या वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर ते डोंगर उभे राहतात. झाड नसलेले, भाजलेल्या मडक्याच्या रंगाचे.

पकडल्यावर त्यांना खूप आत, एका गावात नेलं. मातीच्या भिंतींचं गाव, मधे एक बुरूज. बुरुजाखाली गुरांच्या गोठ्यात कैद्यांना ठेवलं. दोघादोघांना एका साखळीने बांधलेलं. यांचा डावा पाय आणि तिच्या नवऱ्याचा उजवा. हे उठले की त्याला उठावं लागे, तो कुशीवर वळला की यांनाही वळावं लागे. त्या गावातली एक म्हातारी त्यांना जाड भाकरी आणि ताक आणून द्यायची. ती काय बोलते ते कळत नसे, पण ती सारखी त्याच्या पायाकडे बोट दाखवायची. लोखंडाने त्याचा घोटा सोलला होता आणि जखम चिघळत गेली होती. म्हातारीने एकदा राख आणि कसलंसं तेल लावून फडकं बांधलं. पुढे ताप चढू लागला.

सुटका झाली ती पहाटे. गावातले बाप्ये कुठेतरी दुसऱ्या लढाईला गेले होते. दुसऱ्या टोळीचा एक वाटाड्या घेऊन यांच्याच पलटणीतली माणसं कोरड्या नदीच्या पात्रातून चालत आली होती. गोठ्याचं दार पडलं आणि आत मराठी बोलणं ऐकू आलं. "कोन कोन जित्ते हाय रे?" असं कोणीतरी विचारलं, आणि आत सगळी माणसं एकदम रडायला लागली. साखळ्या तोडल्या. त्याला उभं राहता येईना, म्हणून यांनी त्याला पाठीवर घेतलं.

"जड व्हता काय?" तिने मधेच विचारलं.

"नाय," हे म्हणाले. "काय ऱ्हायलंच नव्हतं अंगात."

पात्र ओलांडून वर चढत असताना मागून गोळ्या सुरू झाल्या. चढ मोठा होता. दोघं तिघं आलटूनपालटून त्याला घेत होते, पण एक पडला, दुसऱ्याच्या दंडाला लागली, आणि शेवटी पुन्हा हेच राहिले. खिंडीच्या अलीकडे सुभेदार थांबला होता. चिपळूणकडचाच माणूस. तो म्हणाला, "त्याला इथं उतरव. पिछाडीची तुकडी येतेय, ती घेईल."

हे ऐकेनात. सुभेदाराने पुन्हा हुकूम केला. मग तिच्या नवऱ्यानेच यांच्या गळ्याभोवतीचे आपले हात सोडले आणि तो पाठीवरून खाली घसरला.

"काय बोलला?" तिने विचारलं.

"जा म्हनाला. आई बघेल वाट, म्हनाला. कोनाची आई, ते नाय बोलला."

एका मोठ्या धोंड्याला टेकवून त्याला बसवलं. यांनी आपली पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर ठेवली. खिंड ओलांडताना मागे वळून बघितलं तेव्हा तो बसलेला होता. पिछाडीची तुकडी मात्र त्या वाटेने आलीच नाही. गोळीबार टाळायला ती दुसऱ्या नाळेने, अरुंद घळीतून उतरली. पुढे सरकारची मोठी फौज तिथे गेली, तेव्हा धोंड्यापाशी काही नव्हतं. रक्त नाही, कपडा नाही, बाटलीसुद्धा नाही.

मग ती म्हणाली, "भावजी, त्या धोंड्याला सावली व्हती काय?"

"व्हती. दुपारपर्यंत तरी असंल."

सासूने सूप खाली ठेवलं. "तूच माज्या पोराला उतरवलास?"

"व्हय."

"आनि चालू लागलास?"

"व्हय, काकी."

म्हातारी उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या शिमग्यात म्हातारीने गावदेवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला तांदळाचे दाणे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. दाणा उजवीकडचा पडला. म्हणजे होकार, पोरगा जिवंत आहे. देवीनेच सांगितल्यावर पुढे बोलणार कोण? माझ्या मैत्रिणीचं कुंकू राहिलं, काळी पोत राहिली. वटपौर्णिमेला ती माझ्याबरोबर वडाला दोरा गुंडाळायची आणि बायका तिच्याकडे बघत राहायच्या.

हे दरवर्षी आधी त्यांचं शेत नांगरत आणि मग आमचं. आमची पेरणी मागे पडायची. मी एकदा बोलले तर म्हणाले, "त्याने हात सोडले नसते तर तुजं शेत कोनी नांगरलं असतं?" मग मी गप्प बसले. पण गाव गप्प बसत नाही. हा हिच्या दारात इतका का जातो, अशी कुजबुज विहिरीवर सुरू झाली. ती माझ्या कानावर आली तशी तिच्याही आली असणार. ती मग हे शेतात असेपर्यंत बाहेरच यायची नाही, आणि यांची न्याहारी घेऊन मलाच सडा ओलांडावा लागायचा.

काही वर्षं अशी गेल्यावर तिचा भाऊ मुंबईहून आला. गिरणीत लागला होता. बहीण अजून तरणी आहे, तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून देऊ, एक चांगला बिजवर बघितला आहे, असं त्याचं म्हणणं. पण नवरा मेल्याचं कोणीतरी सांगायला हवं. देवळापुढे गावकी बसली. पुरुष सभामंडपात, आम्ही बायका दीपमाळेच्या मागे.

भाऊ यांना म्हणाला, "शेवटचा बघनारा तूच. मेला म्हनून सांग, झालं."

म्हातारी ओरडली, "खबरदार! देवीने कौल दिलाय."

गावकीचे प्रमुख, गावकर, म्हणाले, "मेला का जित्ता, येवढंच बोल. बाकीचं आमाला नको."

हे उभे राहिले. "मी त्याला जित्ता ठेवला," ते म्हणाले. "पाय कुजला व्हता, ताप व्हता, मागनं शत्रू येत व्हता. तो वाचला नसंल असं माज्या मनात येतं. पन मी बघितला तो बसलेला. तेच्या पुढचं मला ठावं नाय."

"आरं, एक शब्द बोलायला तुजं काय जातं?" भाऊ चिडला. "त्याला टाकलास, आता हिला पन टाकतोस!"

तरी ते एवढंच म्हणाले, "मला ठावं नाय."

मला त्या वेळी यांचा राग आला होता. खोटं बोलून एका बाईचं आयुष्य मार्गी लागत असेल, तर बोलावं माणसाने, असं मला वाटलं. आजही कधी कधी वाटतं.

गावकी मोडायच्या बेतात असताना ती माझ्या शेजारून उठली. बायकांनी तिथे बोलायची रीत नव्हती. ती म्हणाली, "भावजींना कशाला पिडता? ते खोटं बोलत नायत. देवी पन खोटं बोलत नसंल. माजा नवरा आला तर येईल. पन मी मुंबईला भावाकडे जानार, गिरनीत लागनार. पाटाचं माजं मी बघेन."

म्हातारी तिथेच जमिनीवर बसली. सुनेने तिला उठवलं, हाताला धरून घरी नेलं आणि चार दिवसांनी भावाबरोबर पडावात बसली.

म्हातारी एकटी उरली. हे तिला आमच्या घरी घेऊन आले. मला विचारलं नाही. ती आली ती आपलं जातं आणि एक कोंबडी घेऊन, आणि माझ्या चुलीपाशी बसून माझ्या आमटीला नावं ठेवू लागली. यांना ती कधी नावाने हाक मारायची नाही. "तो आला का, ठेवून येनारा?" असं मला विचारायची. मनात आलं की त्यांना बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावायची. गोठा, साखळी, खिंड. हे सांगायचे. एकही शब्द कमी करत नसत. ऐकून झालं की ती म्हणायची, "जा, जेव जा."

एका गणपतीत माझी मैत्रीण आली. तिने मुंबईत दुसरं घर केलं होतं. कडेवर मूल होतं, गुटगुटीत, काजळ घातलेलं. म्हातारीने त्याच्याकडे बघून विचारलं, "हेचा बापूस काय करतो?"

"साच्यावर हाय, गिरनीत माग चालवतो."

"दारू पितो काय?"

"नाय."

"बरं." मग तिने हात पुढे केले आणि मुलाला मांडीवर घेऊन पेज भरवली. जायच्या वेळी मात्र तिने सुनेचा पदर धरून ठेवला. "माजा पोर आला तर त्याला मी काय सांगू?"

तिने पदर हळूच सोडवून घेतला. "सांगा, मी वाट बघितली," ती म्हणाली, आणि घरापुढच्या उतरणीवरून ती इतकी भरभर गेली की मला पोचवायला जायलाही जमलं नाही.

बारा वर्षं बेपत्ता माणसाची वाट बघायची आणि मग गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी येऊन बोलले. म्हातारीने त्यांना अंगणातूनच परत लावलं. ती असेपर्यंत तो विषय पुन्हा निघाला नाही. दोनेक वर्षांनी ती गेली, यांच्याच हातचं पाणी पिऊन. तेराव्याला भटजी पुन्हा म्हणाले, "आता तरी त्याला मोकळा करा. मागे कोणी नाही, तुम्हालाच बसावं लागेल."

हे हो म्हणाले. नदीच्या काठी पळसाची पानं, दर्भ आणि नारळ यांचा माणूस मांडला. भटजींनी सांगितलं तसं सगळं करत गेले. पाणी सोडलं, तीळ वाहिले. शेवटी भटजींनी पेटती काडी हातात दिली. हे ती धरून बसले. काडी जळत बोटांपर्यंत आली तरी हलले नाहीत. मीच पुढे होऊन ती त्यांच्या हातातून काढली.

"नाय जमायचं मला," ते म्हणाले. "तो बसलेला व्हता."

भटजी रागावले नाहीत. त्यांनी पुतळ्याची गाठ सोडली आणि पानं पाण्यात सोडून दिली. आम्ही चढण चढून घरी आलो. मी भात वाढला, ते जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नांगर काढला आणि सडा ओलांडून तिकडच्या, म्हातारीच्या शेताकडे गेले. ते शेत आता कोणाचंच नव्हतं.