हळदीच्या जाळाची वही

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. पोरगी विद्यापीठात राजकारण, देशादेशांचे करार आणि पर्यावरणाचं धोरण शिकत होती. मी चौथी पास; मला ते रिकामं काम वाटायचं. सुट्टीत ती गावी कुरुंद्याला आली, तेव्हा आमची हळद शिजत होती. तिला धुरावर काही लिहायचं होतं. वही उघडून तिनं आईला विचारलं, "माय, एका कढईला लाकूड किती लागतं?"

"तिला काय कळतं? मला विचार," मी मधेच म्हणालो.

बायको हसली. "तुमी कवा जाळ घातला व्हय?"

कधीच न्हाई. लाकूड किती, फेस कधी येतो, काडी कशी टोचून पाहायची, सगळं तिनं सांगितलं. पोरीनं लिहून घेतलं.

पुढं काही वर्षांनी बायको वारली. हळद शिजवायची वेळ आली, तेव्हा मी पोरीकडून ती वही मागून घेतली. आता त्यात बघूनच जाळ घालतो.