मंगळवारचं पहिलं दळण

"थांबा, आधी वास घेऊ द्या."

पुणतांब्यात आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती आणि त्या गिरणीत या मावशी होत्या. डबा कुणाचाही असो, झाकण उघडून त्या आत वाकायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि एक लांबलचक श्वास ओढायच्या. तुम्ही कितीही घाईत असा, शाळेची घंटा व्हायला आलेली असो, तो श्वास पुरा झाल्याशिवाय डबा चक्कीपर्यंत पोचत नसे. मग त्या डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, "चालंल."

त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. सगळा गाव मावशी म्हणायचा, तेव्हा मीही म्हणू लागलो. लांबून पाहिलं तर एक बुटकी, सावळी बाई. जवळून पाहिलं तर मात्र त्या सावळ्या नव्हत्याच, पांढऱ्या होत्या. भुवयांवर पीठ, कानांच्या पाळ्यांवर पीठ, पापण्यांवरही पीठ. दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं, त्यात पिठाचा धुरळा अधांतरी तरंगत असायचा आणि चक्कीच्या घरघरीत वेळ कुठे जायचा कळायचं नाही. मी त्या गिरणीत उभ्या उभ्या पेंगलेलो आहे. तुम्हीही पेंगला असतात.

त्या नाकाबद्दल गावात बऱ्याच गोष्टी होत्या. एकदा एका पाटलीणबाईंचा गहू त्यांनी परत पाठवला, म्हणे हा रॉकेलच्या कॅनशेजारी ठेवलेला आहे. घरी जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. नवी ज्वारी आणि जुनी ज्वारी, नदीकाठची आणि माळावरची, सगळं त्या डोळे मिटून सांगायच्या. मी मास्तर माणूस. अशा गोष्टींवर हसण्याची मला सवय. पण आमच्या घरात एक मुलगी होती, आणि तिच्यामुळे पुढे मला त्या नाकाची गरज पडली.

माझ्या लेकीला, सईला, शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. ती अडीच वर्षांची असताना कुणीतरी प्रेमानं चिक्कीचा तुकडा हातात दिला आणि अर्ध्या तासात तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुसमटू लागला. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं की कणभरही पोटात जाऊ द्यायचा नाही. एक इंजेक्शन कायम जवळ बाळगायला दिलं, ते कसं टोचायचं ते शिकवलं.

आता आमच्या भागात दाण्याचा कूट कशात असतो असं विचारण्यात अर्थ नाही. कशात नसतो ते विचारावं. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाला तर कूटच कूट. सईच्या आईनं घरातून शेंगदाणा हद्दपार केला आणि आम्ही कुणाकडे जेवायला जाणं सोडून दिलं. लोक समजूत घालायचे. कुणी म्हणायचं पोटात उष्णता असेल, कुणी म्हणायचं थोडं थोडं चारत जा, अंगवळणी पडेल. लग्नकार्याला गेलो की सगळी मुलं पंगतीत बसायची आणि सई कोपऱ्यात खुर्चीवर बसून आपल्या डब्यातली पोळी खायची. पंगतीकडे बघत खायची. ते बघणं मला बघवत नसे.

मावशींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी उष्णतेची गोष्ट काढली नाही. त्यांनी सईचा हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या की पोरीचं दळण मी वेगळं काढून देते, तुम्ही निर्धास्त राहा.

गिरणीत दोन चक्क्या होत्या. मोठी रोजच्या धान्याची. कोपऱ्यातली छोटी फक्त उपवासाची. त्या छोटीला त्या फार जपायच्या. तिच्यावर भगर, राजगिरा, शिंगाडा एवढंच दळायचं, गव्हाचा दाणा पडू द्यायचा नाही, अंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यांच्या लेखी गिरणीतली सगळ्यात स्वच्छ जागा तीच. सईची ज्वारी त्यांनी त्या चक्कीवर दळली. दिवस श्रावणाचे होते आणि श्रावणात गावातल्या बायका भाजलेले दाणे आणून त्याच चक्कीवर जाडसर कूट काढून नेत.

त्या दुपारी सईनं भाकरीचा पहिलाच घास खाल्ला आणि पाणी मागितलं. मग तिचा आवाज बदलला. आईनं इंजेक्शन दिलं, शेजाऱ्यांनी गाडी काढली, श्रीरामपूरपर्यंतचा रस्ता आम्ही कसा गेलो ते मला आजही नीट आठवत नाही. उसाच्या शेतांमधून गाडी धावते आहे आणि रस्ता संपतच नाही असं स्वप्न मला अजून पडतं. संध्याकाळी सईनं डोळे उघडून बिस्किट मागितलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो तो भांडायलाच. मावशी चक्की बंद करून पोत्यावर बसल्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"सर, पोरीला कूट चालत न्हाई हे मला ठावं हुतं. पन उपासाला कूट चालतो. म्हणून तो मला घाण वाटलाच न्हाई."

मी शेजारच्या पोत्यावर बसलो. त्या एकदाही रडल्या नाहीत, पण पदरानं ती छोटी चक्की पुसत राहिल्या.

त्यानंतर ऐन श्रावणात त्यांनी कूट काढणं बंद केलं. बायका चिडल्या. मग आम्ही उपवासाला काय करायचं, असं एकीनं विचारलं, तर मावशींनी तिला खलबत्ता दाखवला. दोन्ही चक्क्या उघडून ब्रशानं घासल्या, धुतल्या, वाळवल्या. नंतर आत उरलासुरला कण निघून जावा म्हणून मोठीवर पायलीभर भरड ज्वारी काढून ती गाईला घातली. आणि नियम ठरवला की मंगळवारी सकाळी अशीच स्वच्छता करायची आणि मोठीवर पहिलं दळण सईचं. दाराच्या फळीवर तसं खडूनं लिहायचं ठरलं. मावशींना लिहिता येत नव्हतं. मी लिहायला निघालो तर मला थांबवून त्यांनी खडू सईच्या हातात दिला. पहिलीतल्या मुलीचं अक्षर, ओळ वर वर चढत गेलेली: मंगळवारी पहिलं दळण सईचं.

पुन्हा विश्वास कसा बसला, असं सईच्या आईला लोक विचारायचे. ती म्हणायची, ज्यांच्या हातून एकदा चूक झाली आणि त्यांना ती झोपू देत नाही, त्यांच्याइतकं सांभाळून कुणी दळत नाही.

आता माझी एक फजिती सांगतो. घरी मीही शेंगदाणा सोडला होता, म्हणजे सोडला आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं. एकदा शाळेच्या कामानं राहात्याला गेलो आणि स्टँडवर भेळ खाल्ली. रुमालाला हात पुसले, तोंड धुतलं, येताना गिरणीतून पीठ घ्यायला थांबलो. मावशींनी डबा दिला आणि एकदम म्हणाल्या, "सर, हात पुढं करा." मी वर्गातल्या मुलासारखा हात पुढे केला. त्यांनी डोळे मिटले.

"भेळ," त्या म्हणाल्या. "पोरीला शिवायच्या आधी साबनानं धुवा."

त्या दिवसापासून मी भेळ खाल्लेली नाही. वासाला घाबरून नव्हे. त्या मला रागावल्या नाहीत, म्हणून.

सईला एक दिवस पंगतीत बसवायची, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. सप्ताहातल्या काल्याच्या दिवशी सगळा गाव जेवतो. घराघरातून भाकऱ्या येतात आणि मोठ्या कढईत आमटी शिजते. त्या आमटीची सगळी चव कुटात. मावशी कामाला लागल्या. दुपारी गिरणीत गर्दी नसली की मागच्या चुलीवर त्यांचे प्रयोग चालत. एकदा कारळं घालून पाहिलं, आमटी काळी आणि कडसर झाली. एकदा जवस घातले, ती चिकट झाली. प्रत्येक वेळी आधी सईच्या आईला विचारायच्या, आई डॉक्टरांना फोन करून विचारायची, मगच पुढचं. शेवटी सुकं खोबरं आणि फुटाण्याची डाळ खमंग भाजून, लसूण वाटून, करडईच्या तेलाची फोडणी दिलेली आमटी जमली. या सगळ्या काळात सई पोत्यांवर पालथी पडून चित्रं काढत असायची, आणि चक्की सुरू झाली की तिच्या आवाजात झोपून जायची. तिच्या केसांवर हलकेच पीठ बसत जायचं. ते दृश्य मला कधीही डोळ्यांसमोर आणता येतं.

सप्ताहाच्या कमिटीत मात्र एका मुलीसाठी गावाची आमटी बदलायला कुणी तयार नव्हतं. मावशींनी वाद घातला नाही. एका पातेल्यात आमटी नेली आणि काही न सांगता सगळ्यांना वाटी वाटी दिली. दोघांनी पुन्हा मागितली. मग त्यांनी सांगितलं की यात कूट नाही. तरीही एक जण कुरकुरलाच. तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "काल्याच्या भाकरीचं दळण अख्ख्या गावाचं माझ्याकडं येतं. मग ते दळायचं का न्हाई, मी बी बघते."

आमटी बदलली.

काल्याच्या दिवशी मावशी पहाटेपासून कढईपाशी ठाण मांडून होत्या. कढई त्यांनी घासून घेतली, पळ्या घासून घेतल्या, प्रत्येक भाकरीची पाटी हुंगली. सईकडून त्यांनी एक गोष्ट घोकून घेतली होती. डॉक्टर म्हणाले होते की वासावर विसंबू नका, आणि मावशींना ते पटलं होतं. "नाक फसतं पोरी," त्या सांगायच्या. "आधी इचारायचं, काय काय घातलंय. मग वास. मग घास. आन् जरा जरी शंका आली तर उठायचं, लाजायचं न्हाई."

सई पंगतीत बसली. एका बाजूला तिची आई, पर्समध्ये हात घालून, इंजेक्शन मुठीत धरून. दुसऱ्या बाजूला मावशी. वाढपी आला. मावशींनी पळी हातानं अडवली, वाकल्या, डोळे मिटले. "चालंल," त्या म्हणाल्या. "वाढा."

सईनं भाकरी कुस्करली, आमटीत कालवली आणि खाल्ली. आम्ही तिच्या ओठांकडे पाहत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. पंगत उठली. काहीच झालं नाही. माझ्या आयुष्यात फार मोठं काही घडलेलं नाही, पण त्या दुपारी काहीच झालं नाही, याच्याइतकं मोठं खरोखरच दुसरं काही नाही. मावशी त्या पंगतीत जेवल्या नव्हत्या. त्यांची पत्रावळ कोरीच होती, त्या नुसत्या सईकडे बघत होत्या.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी त्या गेल्या. दुपारी गिरणीतच, पोत्याला टेकून. कुणीतरी डबा उघडून समोर ठेवला, आणि तरी त्या वास घ्यायला उठल्या नाहीत, म्हणून लोकांना कळलं.

नंतरच्या मंगळवारी मी गिरणीत गेलो नाही. दुःखाच्या घरी दळण काय न्यायचं, आणि आता ते सगळं कोण सांभाळणार, असंही मनात आलं. दहाच्या सुमाराला त्यांच्या सुनेचा निरोप आला की चक्की धुऊन ठेवली आहे, पहिलं दळण अडलंय, मागे माणसं खोळंबलीत. मी डबा घेऊन धावलो. फळीवरची ओळ कुणीतरी खडूनं पुन्हा गिरवली होती. तशीच वर चढणारी.

सप्ताह आला. सईची आई म्हणाली, या वर्षी आपण घरूनच डबा नेऊ. आम्ही डबा नेला. पण सई डबा न घेता पंगतीत जाऊन बसली, तेव्हा आम्हीही तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. मागच्या वर्षी कमिटीत कुरकुरणारे गृहस्थच आमटी वाढत येत होते. सईसमोर ते आले आणि पळी वरच धरून थांबले.

"यात काय काय आहे?" सईनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. तूरडाळ, खोबरं, फुटाण्याची डाळ, लसूण, करडईचं तेल. कूट न्हाई. मावशींच्या सुनेनं भाजलंय सगळं. घाई नव्हती त्यांना. पाठीमागची सगळी पंगत हात आखडून बसली होती.

सई वाकली. तिनं डोळे मिटले. मांडवाच्या फटीतून ऊन पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती आणि थोडी तिच्या पापण्यांवर बसली होती. तिनं एक लांबलचक श्वास घेतला. तो पुरा होईपर्यंत पळी हलली नाही.

मग तिनं डोळे उघडले.

"चालंल," ती म्हणाली. "वाढा."