दमणी लावलेली फटफटी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं एसटीनं माझ्या माहेरी, वरवट बकालला गेलो. त्याच दिवशी माझ्या मोठ्या बहिणीचा नवराही आला, पण तो आला जीपमधून. जीप काही त्याच्या बापाची नव्हती. तो ज्या सरकारी कचेरीत कारकून होता तिथल्या साहेबाची होती, साहेबाला पुढं जायचं होतं म्हणून त्याला वाटेत उतरवून दिलं, एवढंच. पण सगळं गाव जीपभोवती गोळा झालं. माझे वडील दार उघडायला धावले. ते दार त्यांना उघडता आलं नाही ही गोष्ट वेगळी. आमचे हे अंगणातल्या पाटावर पाय धुवायला उभे होते, आणि पाणी ओतणारा गडी तांब्या यांच्याच हातात देऊन जीप पाहायला पळाला होता. यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचे पाय धुतले. जावयाला दुसरं मरण काय असतं हो?

परतीच्या एसटीत नांदुरा आलं. मग हे म्हणाले, "आता तुह्या माहेरी येईन तं फटफटीवर येईन. नाई तं येणारच नाई."

मला वाटलं, रागातलं बोलणं आहे, घर येईस्तोवर उतरेल. कसलं उतरतं! आमच्या घरी वांगी-मिरचीचा मळा होता, मोताळ्याच्या बाजारात माल जायचा, घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण मळ्यातली मिरची जेवढी तिखट नव्हती तेवढा या माणसाचा स्वभाव. बोलले ते बोलले. आणि हे येणार नाहीत म्हणजे मीही जाणार नाही, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला आला, त्याला जेवू घालून परत पाठवलं. फटफटी घेऊन राह्यलो, मग येतोच, असं यांनी त्याला ऐटीत सांगितलं. घरात तेव्हा फटफटी सोडा, साधी सायकलची घंटी नव्हती.

बरं, माझी मायच का आली नाही भेटायला, असं आजच्या पोरी विचारतात. अवं, लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. मला तेव्हा मूल नव्हतं. म्हणजे माय येऊ शकत नव्हती आणि मी जाऊ शकत नव्हते. आम्हा मायलेकींच्या मध्ये एक फटफटी उभी होती, आणि ती अजून कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. मी चुलीपुढं बसून धुराचं निमित्त करून रडायची. सासूबाई म्हणायच्या, लाकडं ओली दिसतात.

शेवटी ती फटफटी मलकापूरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात सापडली, सरकीच्या पोत्यांखाली. इंग्रज जाताना फौजेचं सामान लिलावात निघालं त्यातली. यांनी ती बैलगाडीत घालून घरी आणली. टाकीत उंदरांनी संसार थाटला होता, बसायच्या जागेच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या आणि पुढच्या दिव्याच्या वाटीत कोंबडी बसेल एवढी जागा होती. दोन दिवसांत बसलीही. सासूबाईंनी तरीही तिला हळदीकुंकू लावलं, लिंबू बांधलं आणि ओवाळलं. माझ्या गृहप्रवेशाला एवढं तेल-वात खर्च झालं नव्हतं.

नवं राज्य झालं होतं तेव्हा. जिकडं तिकडं सुधारणा हा एकच शब्द. सुधारित बियाणं, सुधारित चूल, सुधारित संडास. ग्रामसेवक पारावर बसून सुधारणेवर बोलायचा आणि गाव मान डोलवायचं. यांनीही तो शब्द उचलला. जुनी फटफटी नुसती दुरुस्त करायची नाही, तिची सुधारणा करायची. ओसरीवर गोणपाट अंथरलं गेलं आणि फटफटीचा एकेक अवयव सुटा होऊन त्यावर येऊन पडला. माझी ओसरी गेली ती गेलीच. पापड वाळवायचे तर चाकाच्या आरीवर, अशी वेळ आली.

विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं सगळं काम हे स्वतःच करायचे, त्यामुळं यांना वाटायचं, इंजिन म्हणजे इंजिन, त्यात काय एवढं. एक दोष निघायचा, तो काढता काढता दुसरा शिरायचा. मळ्यातल्या इंजिनाचे काही भाग फटफटीत गेले आणि उन्हाळ्यात वांग्यांना पाणी मोटेनं द्यावं लागलं. बैलं हाकता हाकता हे गड्याला सांगायचे की आता बैलाचा जमाना संपला.

मधल्या काळात सुधारणा जोरात चालू होती. फटफटीला दारं-खिडक्यांचा आकाशी रंग दिला. टाकीवर दोन्हीकडं कमळं काढून घेतली. एक भोंगा रबराचा, एक बॅटरीचा, कारण एक बिघडला तर दुसरा हवा. हँडलला बैलाच्या शिंगांचे लाल गोंडे. मी विचारलं, ती चालते केव्हा? तर मला बाईमाणसाला यंत्रातलं कळत नाही असं उत्तर मिळालं. मला यंत्रातलं कळत नव्हतं खरंच, पण दोन दिवाळ्या गेल्या एवढं कळत होतं.

आणि एके दिवशी ती चालू झाली बरं का! असा धडाका उठला की शेजारची म्हैस दावं तोडून गेली. मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर धावले. मला तर वाटलं आता पिशवी भरायची आणि निघायचं. मी खरोखर हसत होते.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, सून बसणार कुठं? मागं, असं हे म्हणाले. मग झालं! नवऱ्याच्या पाठीला चिकटून, सगळ्या गावासमोर, सासऱ्या-दिरांच्या देखत सून फटफटीवरून जाणार? त्यांनी जेवण सोडलं. दोन वेळा भाकरी परत गेली. दोन वेळची भाकरी सोडलेल्या आईपुढं सुधारणेचं काही चालत नाही. हे सुताराकडं गेले.

आमच्याकडं एक जुनी दमणी होती, म्हणजे बायामाणसांना बसायची हलकी, छपराची बैलगाडी. तिची साटी, म्हणजे बसायचा सांगाडा, कापून, एक चाक ठेवून, फटफटीला बाजूनं जोडायची असं ठरलं. फौजेत असतात तशा, असं हे म्हणाले. सुतारानं फौज पाहिली नव्हती पण दमणी पाहिली होती, तेव्हा तो लगेच हो म्हणाला. प्रश्न आला, कोणत्या बाजूला जोडायची? कुणाही शहाण्या माणसानं रस्ता पाहिला असता. आमच्याकडं भटजींना विचारलं. पहिला प्रवास अधिक महिन्यात, जावयाच्या मानासाठी, म्हणजे धर्मकार्यच. भटजींनी सांगितलं, धर्मकार्यात पत्नी पतीच्या उजव्या हाताला. झालं, उजवीकडं जोडली.

आता त्या फटफटीची किक उजवीकडं होती. सुतारानं नवरा-बायकोत अंतर नको म्हणून साटी अगदी चिकटून बसवली होती. यांनी किक मारायला पाय टाकला की ती अर्ध्यात जाऊन दमणीच्या लाकडावर आदळायची. ठाक! इंजिन ढिम्म. पुन्हा खोलून डावीकडं लावा असं मी म्हटलं, तर सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी वामांगी व्हायला नाही तर विधवा व्हायला निघाले आहे. शेवटी तोड निघाली की फटफटी ढकलत न्यायची आणि चालू करायची. चौघं ढकलणार, हे वर बसणार. सुधारणा पूर्ण झाली.

निघालो त्या दिवशी अर्धं गाव ढकलायला होतं. मी नऊवारी नेसून, डोक्यावर पदर, मांडीवर खणा-नारळाची पिशवी घेऊन दमणीच्या छपराखाली बसले. हे डाव्या अंगानं चालवत होते, म्हणजे मी रस्त्याच्या मधोमध. समोरून एसटी आली की ती आधी माझ्या अंगावर यायची. ड्रायव्हर काय बोलायचे ते फटफटीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, देवाची कृपा. एकदा बंद पडली तर ढकलायला माणसं कुठून आणायची, म्हणून यांनी वाटेत इंजिन बंदच केलं नाही. नांदुऱ्याला चहा घेतला तोही चालू फटफटीवर बसून. बशीतला अर्धा चहा यांच्या पांढऱ्या पायजम्यानं प्याला. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी मायकडं चालले होते.

माहेरच्या गावाचं देऊळ दिसायला लागलं आणि मध्ये नाला आला. कोरडाच होता, पण वाळू. दमणीचं लोखंडी धावेचं चाक वाळूत बसलं आणि फटफटी दोन उचक्या देऊन गप्प झाली. यांनी किक मारली. ठाक. पुन्हा मारली. ठाक. आसपास चिटपाखरू नाही.

थोड्या वेळानं माझ्या माहेरच्याच एका म्हाताऱ्याची बैलगाडी आली. त्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, बांधा मागं, ओढून नेतो. हे म्हणाले, नाही. इथंच बसू, ढकलायला चार जण मिळाले की फटफटी चालू होईल आणि मग वाजत-गाजत गावात शिरू. मी देवळाच्या कळसाकडं पाहिलं. दोन वर्षांहून जास्त काळ गिळलेलं सगळं तोंडाशी आलं.

मी खाली उतरले आणि म्हणाले, "तुम्ही बसा फटफटीपाशी. मी चालली मायकडं."

आणि गाडीत चढले. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते, एवढं मला माझं माहीत आहे.

माय अंगणात धान्य निवडत होती. मी एकटीच दिसले तेव्हा ती आधी घाबरली, जावई कुठं, काय झालं, म्हणून. मी सांगितलं की जावई सुखरूप आहेत, नाल्यात आहेत. मग तिनं मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी अशा रडलो की शेजारच्या बाया पातळ सावरत धावत आल्या.

वडील मात्र तडक उठले. जावई नाल्यात बसणार म्हणजे काय? बैलजोडी सोडली, पाठीवर झुली टाकल्या, डफडं वाजवणारे बोलावले, आणि आख्खं गाव नाल्यावर गेलं. तासाभरानं मिरवणूक आली. पुढं डफडं, मग झुली घातलेले बैल, मग दोरानं बांधलेली आकाशी फटफटी, आणि तिच्यावर काळा चष्मा लावून आमचे हे. दोन्ही भोंगे वाजवत होते. जीपला जमले होते त्याहून जास्त लोक जमले होते, आणि गावातल्या बऱ्याच जणांचा समज झाला की ही फटफटी बैलांनीच ओढायची असते. पाणी ओतायला या वेळी दोघं उभे होते. यांचा चेहरा असा खुलला होता की मलाही बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

फक्त दोर पुढच्या चिमट्याला बांधला होता. चाक ज्यात बसतं तो चिमटा ओढाओढीत वाकला होता. वडिलांनी गावच्या लोहाराला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, किरकोळ काम आहे, भट्टीत घालून ठोकला की संध्याकाळपर्यंत देतो. यांनी पाटावरूनच जाहीर केलं की मग सकाळी निघू, मोताळ्याच्या बाजारादिवशी फटफटी तिथं दाखवायची आहे.

माय तेव्हा जावयापुढं अनारशांचं ताट ठेवत होती. तेहतीस अनारसे, वर दिवा. तिचा हात थांबला. जावयापुढं सासू काय बोलणार? दिवा सरळ केला, पदर सारखा केला आणि आत आली. आत आल्यावर मला हळूच विचारलं, "किती दिवस हायेस, बाई?"

मी म्हटलं, "फटफटी दुरुस्त होईस्तोवर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग फळीवरचा डबा काढला, त्यातले राहिलेले सगळे अनारसे टोपल्यात भरले, वर धुतलेलं फडकं झाकलं आणि माझ्या भावाला हाक मारली.

"लोहाराच्या घरी नेऊन दे. त्याईले म्हणावं, जावयाचं काम हाय, बिलकुल घाई करू नोका."

भाऊ गेला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. मायनं कोठीतून पायलीभर तांदूळ काढले, माझ्यापुढं सूप सरकवलं, आणि आम्ही दोघी ते निवडायला बसलो.