पहिल्या शिफ्टचा आठवडा

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत होता. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. पहिलीची बस पहाटे पाचला यायची, म्हणून त्या आठवड्यात, थंडीत तर हटकून, आमच्या घरातले दिवे आठलाच बंद व्हायचे. दुसरीच्या आठवड्यात मात्र तो परतेपर्यंत मी वाचत बसायचे.

दसऱ्याच्या सुमारास तो हार्टअटॅकने गेला. आठवडे मी मोजतच राहिले. दुसरं वेळापत्रक मला ठाऊकच नव्हतं.

काल पहिलीचा सोमवार. सातला जेवले, त्याचा स्वेटर दाराजवळच्या खुंटीला अडकवला, आठला दिवा बंद केला. झोप येईना. उठून गॅस पाहिला, कडी पाहिली, पाणी प्यायले, परत गॅस पाहिला. तेवढ्यात बेल वाजली. खालची शेजारीण डिंकाचे लाडू घेऊन आली होती. तिचा नवरा ह्याच्याच शिफ्टचा, ह्याच्याच बसने जाणारा.

"अगं बाई, वहिनी, अंधारात काय करताय? कोंबड्या तरी एवढ्या लवकर झोपत न्हाईत!"

"पहिली आहे ना," मी बोलून गेले.

तिने लाडवांचा डबा माझ्या हातात ठेवला. मग हळूच म्हणाली, "दिवाळीनंतर शिफ्टा बदलल्या, वहिनी. आमचे हे ह्या आठवड्यात सेकंडला हायेत."

म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या आठवड्यात झोपत होते आणि चुकीच्या आठवड्यात जागत होते.

ती गेल्यावर दिवा लावला. पुस्तक घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. खुंटीवरचा स्वेटर अंगात घातला आणि खाली तिच्या नवऱ्याची बस थांबेपर्यंत जागायचं ठरवलं.